महिन्याचे वाचन : तीन अद्भुते आणि एक वास्तव

महिनाभरात जे वाचून होईल त्याची टिपणे एका वहीत करून ठेवण्याची मला कॉलेजात असल्यापासून सवय आहे. सरकारी नोकरीत दिवस नस्त्या वाचण्यात जातो. रात्रीचे वाचन तेवढे आपल्या मर्जीचे. गेल्या महिन्याच्या पानावर चार नावे आहेत. त्यांपैकी तीन अद्भुताची आहेत आणि चौथे निखळ वास्तवाचे.

पहिले नाव ‘वेताळपंचविशी’चे. धाकट्या मुलीला रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवावी लागते, म्हणून हे जुने पुस्तक कपाटातून बाहेर निघाले. खांद्यावरचे प्रेत बोलू लागते, ही गोष्ट तिने क्षणात मान्य केली. पण कथेच्या अखेरीस वेताळ जो प्रश्न घालतो, त्याच्या उत्तरावरून ती माझ्याशी हुज्जत घालू लागली. अद्भुताचे मर्म मला तेथे सापडले. अशक्य गोष्ट एकदा पदरात घ्यावयाची. त्यापुढचा प्रश्न न्यायाचा असतो. राजाची अडचणही पाहा. उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला, तर त्याचे मस्तक फुटावयाचे. आणि बोलला, तर प्रेत पुन्हा झाडावर!

दुसरी कथा गोगोलची ‘नाक’, १८३६ साली प्रसिद्ध झालेली. पीटर्सबर्गमधील कोव्हाल्योव्ह नावाचा अधिकारी एका सकाळी उठतो, तो चेहऱ्यावर नाक नाही. पुढे तेच नाक त्याला रस्त्यात भेटते, आणि तेही वरच्या हुद्द्याच्या गणवेशात. स्वतःच्या नाकाशी बोलावयासही हा गृहस्थ कचरतो, कारण दर्जाचा प्रश्न! हरवल्याची जाहिरात द्यावयास तो वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो. पत्राची अब्रू जाईल म्हणून कारकून जाहिरात नाकारतो. कोव्हाल्योव्ह चेहरा उघडा करून दाखवतो, तेव्हा त्या भल्या माणसाला दया येते, आणि तो त्याच्यापुढे तपकिरीची डबी धरतो. मी खदखदून हसलो. ते हसू फार टिकले नाही, त्याचे कारण पुढे सांगतो.

तिसरी काफ्काची ‘रूपांतर’, १९१५ सालची. काफ्का प्राग येथे कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत नोकरीला होता, हे वाचताना विसरता येत नाही. ग्रेगोर साम्सा कीटक होऊन जागा होतो आणि त्याला पहिली काळजी पडते ती पहाटेची गाडी चुकल्याची. थोड्याच वेळात कचेरीतला वरिष्ठ गैरहजेरीची विचारपूस करावयास दारात उभा राहतो. माणसाचा किडा होणे हे अद्भुत खरे. त्यानंतरचे सगळे मात्र आपल्या रोजच्या परिचयाचे आहे.

आता माझी गोष्ट. कुटुंबनिवृत्तिवेतनाची एक नस्ती माझ्याकडे होती. पतीच्या सेवापुस्तकात पत्नीचे एक नाव आणि बँकेच्या पासबुकात दुसरे. मी दोनदा ‘खुलासा करावा’ असा शेरा मारून ती परत पाठविली होती. एके दुपारी त्या वृद्ध बाई स्वतःच माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. लग्नात नाव बदलले, एवढाच काय तो खुलासा होता. मी त्यांना बसावयास खुर्ची दिली, पाणी मागविले आणि नियम समजावून सांगितला. त्या नमस्कार करून गेल्या. रात्री गोगोल पुन्हा उघडला. तपकिरीची डबी कोणाच्या हातात आहे, ते या वेळी मला दिसले.

वहीतले चौथे नाव व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे, १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे. औंध संस्थानातील एक तरुण शिक्षक धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास जातो. त्याचा अधिकार केवढा? मुलांना शिकविण्यापुरता. पण वाडीची गाऱ्हाणी त्याच्याकडे येतात आणि ‘हे माझ्या कामात बसत नाही’ असे म्हणून तो त्यांना परत लावीत नाही. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे जगावयास बाहेर पडतात, आणि वाडी ओस होते. मास्तरांच्या धडपडीने पाऊस पडला नाही. तरीही ती धडपड व्यर्थ होती, असे पुस्तक मिटताना वाटत नाही. अद्भुतकथा आपली दृष्टी हलवून जागी करते. अशी वास्तव कथा त्या दृष्टीला माणूस दाखविते. दोन्ही वाचाव्यात, आणि शक्य तर एकाच महिन्यात वाचाव्यात.

वाचनाने मी सुधारलो, असा माझा दावा नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावून प्रतिज्ञापत्र करवून घेतले आणि ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याबद्दल खात्री झाली’ अशी टिपणी स्वाक्षरीनिशी लिहिली, इतकेच. आमच्या नोकरीत गप्प राहिल्याने कोणाचे मस्तक फुटत नाही. म्हणूनच गप्प राहणे फार सोपे असते.

नस्ती आता वरिष्ठांकडे आहे. नवा शेरा घेऊन ती परतही येईल. वेताळ पुन्हा झाडावर गेला, तर पुन्हा आणावयास निघावे लागेल. विक्रमानेही दुसरे काय केले होते?