चढाईचे गुण आणि बाकीचा खेळ

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. आठवणी सकाळपासून भरपूर झाल्या, म्हणून मी थेट कामाचं बोलतो. आपल्या बॅचनं ठरवलंय की जमलेल्या निधीतून दरवर्षी शाळेतल्या दोन कबड्डीपटूंचा, एक मुलगा आणि एक मुलगी, खुराक, बूट आणि बाहेरगावच्या स्पर्धांचा खर्च उचलायचा. फार चांगलं ठरवलंत. पण निवड कशी करायची यावर ग्रुपवर पंधरा दिवस चर्चा चालू आहे आणि बहुतेकांचं म्हणणं एकच: ज्याचे चढाईत गुण जास्त, त्याला घ्या. गेली वीसेक वर्षं मी पोरांना कबड्डी शिकवतोय. मला हे पटत नाही.

चढाई डोळ्यांत भरते, हे खरंच आहे. एकटं पोर सात जणांत शिरतं, टाळ्या त्यालाच पडतात, मोबाईलवर व्हिडिओही त्याचाच निघतो. डाव्या कोपऱ्यात वाकून, घोट्यावर नजर ठेवून उभ्या असलेल्या पोराचा व्हिडिओ त्याची आईसुद्धा काढत नाही.

पण चौदा वर्षांखालच्या सामन्यातले चढाईचे गुण नेमकं काय मोजतात? कित्येकदा ते फक्त वाढ मोजतात. एखादं लेकरू वयाच्या मानानं लवकर उंच होतं, हात लांब पडतो, गुण मिळत जातात. सतरा वर्षांखालच्या गटात बाकीची पोरंही वाढतात आणि याच्याजवळ दुसरी युक्ती नसते. शिवाय समोरच्या संघाला साखळीच धरता येत नसेल, तर पंधरा गुण कुणीही काढील. आणखी एक गोष्ट आपल्या गुणपत्रिकेत कुणी लिहीत नाही: तो बाद किती वेळा झाला? बारा गुण आणले आणि सात वेळा पकडला गेला, तर सात गुण समोरच्याला गेले. वर तो बाहेर बसला असताना संघ एक माणूस कमी घेऊन खेळला. लोण चढतो तो अशा वेळी.

मोठ्यांच्या खेळातलं एक उदाहरण सांगतो. प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून जास्त रक्कम मोजली. पवन हा देशातला अव्वल चढाईपटू, यात वाद नाही. त्या मोसमात त्यानं चढाईत दोनशेच्या वर गुण आणले. संघानं २२ सामन्यांत २ जिंकले आणि तो तळाला राहिला. त्याच लिलावात पुणेरी पलटणनं २ कोटी ३५ लाख मोजले ते मोहम्मदरेझा शादलूईसाठी. हा इराणचा गडी, डावा कोपरा सांभाळणारा, पकडीचा माणूस. पुण्यात चढाईचं ओझं एकट्यावर नव्हतं. आपला अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, मोहित गोयत अशी वाटणी होती. १ मार्च २०२४ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली.

आपला अमेरिकेतला मित्र ग्रुपवर म्हणाला, की तिकडं बास्केटबॉलमध्ये पोरं निवडताना आधी नेमबाजीच बघतात. बघतात खरं. पण २०१४ साली त्याच निवडीत निकोला योकिच ४१व्या क्रमांकावर गेला. धावायला सुस्त, उडी बेताची. पुढं तोच तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याची ओळख आहे ती चेंडू कुणाला कधी द्यायचा या समजेसाठी. चेंडू टाकायला सरावानं शिकवता येतं. मैदान वाचायला शिकवणं फार अवघड.

आपल्याकडंही तसंच. हात मारणं, पाय मारणं, बोनस रेषा ओलांडणं मी दोन वर्षांत शिकवीन. पण चढाईपटू आत आला असताना शेजाऱ्यानं हात टाकेपर्यंत थांबायचं आणि मग एका क्षणात झेप घ्यायची, ही समज काही पोरांत आधीच असते. तीनच गडी उरलेत, पकड झाली तर दोन गुण मिळतात, हे ज्या पोरीला कुणी न सांगता सुचतं, तिच्यावर मी पैसे लावीन. बाद होऊन बाहेर बसल्यावर पोर काय करतं तेही मी बघतो. काही जण मोबाईल मागतात, काही जण ओरडून आतल्यांना सांगत राहतात.

सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड बघा. तिथं उंची मोजतात, उभी उडी, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव घेतात. किती गुण आणलेस, हे विचारत नाहीत. अर्थात नुसत्या उडीवरही मी कुणाला निवडणार नाही. आखाड्यात उतरल्यावर पाय थरथरणारी उंच पोरं मी खूप पाहिलीत.

चढाईपटूला घ्यायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. त्या अंतिम सामन्यातही पुण्याकडून सर्वांत जास्त गुण पंकज मोहितेचेच होते. आणि मातीवर ज्याचा पाय रुततो, त्याचं मॅटवर बूट घालून वळणं वेगळंच दिसतं. म्हणून चढाईपटूला तर मॅटवर पाहिल्याशिवाय हो म्हणूच नये. आपल्याकडं मॅट नाही. एका दिवसासाठी उदगीरला किंवा लातूरला नेता येईल, जीपचं भाडं फार होणार नाही.

तर माझी मागणी अशी. एका सामन्यावर निर्णय नको, तीन सामने घ्या. प्रत्येक पोराला एकदा चढाईला आणि एकदा कोपऱ्यात उभं करा. गुण लिहिणाऱ्यानं बाद झालेल्या वेळाही लिहाव्यात. हे काम आपल्यातल्या बँकेतल्या दोघांना द्या, त्यांच्या वह्या शाळेतही स्वच्छ असायच्या. पी.टी.चे सर आज समोर बसलेत. त्यांनी तिन्ही सामन्यांना खुर्ची टाकून बसावं आणि शेवटचा शब्द त्यांचा असावा, अशी माझी विनंती आहे. सर, उन्हाचा त्रास होतो तुम्हाला, म्हणून सामने सकाळी सातला ठेवू.

सर मान हलवतायत. मग तारीख जेवणाच्या पंगतीतच ठरवू.