झाडाला टेकलेली विंचेस्टर



नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात, ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात, जुनिपरच्या झाडाला टेकलेली एक रायफल सापडली. विंचेस्टर मॉडेल १८७३. ट्रिगरखालची तरफ खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. क्रमांकावरून कारखान्याच्या वह्यांत वर्ष मिळालं, १८८२. मालकाचं नाव मात्र नाही! (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे लॉगही असेच.) अशा सात लाखांवर रायफली बनल्या, म्हणजे तशी साधीच वस्तू. संग्राहक चकचकीत नग शोधतात. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयाने हिचं तडकलेलं लाकूड फक्त टिकवलं, नवं केलं नाही. मला ते फार पटलं. दस्त्यातल्या पोकळीत एक काडतूस निघालं. ते ठेवणारा परत का आला नाही, कुणालाच ठाऊक नाही.