‘दारू घेता का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर

(परळ इथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दारूमुळे यकृताच्या कॅन्सरवर काय परिणाम होतो, यावर आज बोलायचं आहे. विषय ठरला तेव्हा एका मित्राने विचारलं, “हे आपल्या पोरांना कशाला? आपल्यात दारू हरामच आहे.” हराम आहे, हे लहान मुलालाही माहीत आहे. पण म्हणून आपल्यात कोणी पीतच नाही, असं इथे बसलेल्यांपैकी कोणी छातीठोकपणे सांगेल का? हराम असल्यामुळे आपल्यात पिणारा पिणं लपवतो, एवढं मात्र नक्की. बायकोपासून लपवतो, मशिदीतल्या लोकांपासून लपवतो आणि शेवटी डॉक्टरांपासूनही लपवतो. यकृताच्या आजारात हे शेवटचं लपवणं फार महाग पडतं. मी मुख्यतः त्याबद्दल बोलणार आहे.

इथून थोडं चालत गेलं की एकीकडे केईएम आहे, १९२६ सालचं. जवळच टाटा मेमोरियल आहे, १९४१ सालचं. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राज्यभरातून आलेले रुग्ण महिनोन्‌महिने राहतात. आपल्यापैकी बरेच जण गावाकडच्या नातेवाइकांना घेऊन या दवाखान्यांत गेलेले आहेत. केसपेपर काढायचा, रांग लावायची, तपासण्यांच्या तारखा सांभाळायच्या, हे काम मुंबईतल्या भाच्या-पुतण्यांकडेच येतं. म्हणजे डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा शेजारी उभे असता तुम्ही. म्हणूनच हे तुम्हाला सांगायचं आहे.

आधी यकृताबद्दल. बकरी ईदला तुम्ही कलेजी हातात घेतली आहे. निरोगी कलेजी मऊ, गुळगुळीत, गडद तांबूस असते. माणसाचं यकृतही तसंच असतं. वर्षानुवर्षं त्याला इजा होत राहिली की मऊ पेशींच्या जागी वण तयार होतात. यकृत कडक होतं, त्यावर गाठीगाठी दिसू लागतात. याला सिऱ्होसिस म्हणतात. यकृतातच सुरू होणारे बहुतेक कॅन्सर अशा वण पडलेल्या यकृतात होतात. दारू पोटात गेली की यकृत तिचं ॲसिटाल्डिहाइड नावाच्या रसायनात रूपांतर करतं आणि ते रसायन पेशींच्या डीएनएला इजा करतं. पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. या धावपळीत एखादी पेशी चुकीची तयार होते आणि वाढत सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याची नोंद माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत केली. त्यात बिअर आणि वाइनही आली. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो.

आता आजाराच्या वाटचालीकडे येऊ. इतर अनेक कॅन्सरमध्ये डॉक्टर प्रामुख्याने गाठ किती मोठी आणि किती पसरली ते बघतात. यकृताच्या कॅन्सरमध्ये त्यांच्यासमोर एकाच माणसाचे दोन आजार असतात. एक गाठ आणि दुसरं ज्या यकृतात ती गाठ आहे ते यकृत. गाठ कापून काढायची तर उरलेलं यकृत काम करणारं हवं. गाठ सुईने जाळायची असो, गाठीला रक्त पुरवणारी नळी आतून बंद करायची असो की औषधं द्यायची असोत, प्रत्येक वेळी प्रश्न तोच असतो. यकृताला हे झेपेल का? त्यासाठी कावीळ किती आहे, पोटात पाणी झालंय का, रक्त गोठायला किती वेळ लागतो, रक्तातलं अल्ब्युमिन किती आहे आणि रुग्ण भ्रमिष्टासारखं करतो का, या पाच गोष्टींवरून गुण दिले जातात. गाठ छोटी असूनही गुण वाईट आले, म्हणून ऑपरेशन करता येत नाही, असं घडतं. निदान झाल्यावरही पिणं चालू ठेवणारा माणूस हे गुण स्वतःच्या हाताने बिघडवत असतो.

याची दुसरी बाजू लोकांना फारशी माहीत नसते. दारूने बिघडलेलं यकृत दारू थांबल्यावर बऱ्याचदा काही महिन्यांत थोडंफार सावरतं. पोटातलं पाणी कमी होतं, कावीळ उतरते. वण पूर्ण जात नाहीत, पण जो रुग्ण आधी उपचारांच्या पलीकडे गेला होता, त्याला एखादा उपचार देता येऊ शकतो. ‘आता कॅन्सरच झालाय, तर सोडून काय उपयोग, पिऊ द्या त्याला’ असं घरातली वडीलधारी माणसं मायेने म्हणतात. माया खरी असते, पण सल्ला चुकीचा असतो.

कॅन्सर अजून झालेला नाही, त्याच्यासाठीही सोडण्याला अर्थ आहे. दारू सोडल्यावर यकृताच्या कॅन्सरचा धोका वर्षागणिक हळूहळू उतरतो. एका रात्रीत मात्र उतरत नाही. पूर्वी प्यायचा आणि सिऱ्होसिस झालाय अशा माणसाने दारू सोडून दहा वर्षं झाली तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायलाच हवी. यकृताच्या आत दुखण्याची जाणीव देणाऱ्या नसा जवळजवळ नसतात, त्यामुळे गाठ गुपचूप वाढते. सोनोग्राफीत सापडलेली दोन सेंटिमीटरची गाठ आणि पोट फुगल्यावर, वजन उतरल्यावर सापडलेली गाठ यांत कधीकधी जगण्या-मरण्याचा फरक असतो.

इथेच खोटं बोलणं आडवं येतं. ओपीडीत डॉक्टर विचारतात, “दारू घेता का?” मागे अम्मी उभी असते, मोठा मुलगा असतो, कधी जमातीतला शेजारी मदतीला आलेला असतो. चाचा म्हणतात, “तौबा तौबा, नाही.” केसपेपरवर ‘नाही’ लिहिलं जातं. मग डॉक्टर दुसरी कारणं शोधत बसतात, त्यात पैसा आणि आठवडे जातात. दारू सोडवण्याच्या उपचारांचा विषयही कोणी काढत नाही, कारण कागदावर दारू नाहीच. सहा महिन्यांनी सोनोग्राफीला येत राहा, असं ज्याला बजावायला हवं होतं, तो माणूस नजरेतून सुटतो.

याच शरमेचा दुसरा मार न पिणाऱ्याला बसतो. लिव्हर खराब झालं असं कळलं की मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते, “लपून पीत असणार.” ‘कुली’मधला ७८६ बिल्ला लावणारा इक्बाल तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १९८२ मध्ये त्या सिनेमाच्या सेटवर अमिताभ बच्चन जखमी झाले, ब्रीच कँडीत मरणाच्या दारातून परत आले. त्या वेळी चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाला आणि ते कित्येक वर्षांनी कळलं, तोवर यकृताचा सुमारे ७५ टक्के भाग निकामी झाला होता. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. ‘शराबी’ साकारणारा हा नट दारू पीत नाही. तेव्हा कोणाचं लिव्हर बिघडलं म्हणून त्याच्या ईमानावर बोट ठेवू नका. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह, वाढलेल्या वजनाबरोबर येणारं फॅटी लिव्हर, यांतूनही सिऱ्होसिस आणि कॅन्सर होतो. मटण-बिर्याणी आणि रात्री दोनची शोरमा पार्टी हा आमच्या वस्त्यांतला जास्त मोठा प्रश्न असावा असं मला वाटतं, पण तो आजचा विषय नाही.

मात्र दोन कारणं एकत्र आली की बेरीज साधी राहत नाही. अंगात हिपॅटायटिस बी असताना जो पितो, त्याचा धोका नुसतं पिणाऱ्यापेक्षा आणि नुसता विषाणू असलेल्यापेक्षा बराच जास्त असतो. फॅटी लिव्हर आणि मधुमेह असलेल्याचंही तेच. ‘मी फक्त शनिवारी घेतो’ म्हणणाऱ्याच्या अंगात हा विषाणू आहे की नाही, हे त्याला तपासणीशिवाय कळणार कसं?

म्हणून तपासणी करून घ्या. देशभरातल्या बाळांना हिपॅटायटिस बीची लस मिळायला २०११ उजाडलं. तुमच्यातले बहुतेक त्याआधी जन्मलेले आहात. सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. विषाणू नसेल तर लसीचे तीन डोस घ्या. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. सलूनमधला वस्तरा, निर्जंतुक न केलेल्या हत्याराने केलेला खतना, हिजामाची ब्लेड, सगळीकडे नवं किंवा नीट निर्जंतुक केलेलं हत्यारच वापरायला लावा. आणि कावीळ झाली की ती ‘उतरवून’ घ्यायला कोणाकडे नेऊ नका, रक्त तपासा.

शेवटी सोडण्याबद्दल. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडायला लावू नका. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येतात, भास होतात, कधी जीवही जातो. आपल्याकडे दारूची मनाई टप्प्याटप्प्याने आली, हे तुम्ही मदरशात शिकला आहात. डॉक्टरही शरीराला सांभाळून घेणारी औषधं देऊन सोडवतात. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका मुंबईत बऱ्याच ठिकाणी होतात. तिथे पैसे घेत नाहीत आणि पूर्ण नावही विचारत नाहीत.

पुढच्या वेळी चाचांना घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांनी तो प्रश्न विचारायच्या आत अम्मीला म्हणा, “चला, आपण बाहेर बसू.” चाचांना दोन मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. त्यांनी सोडली असेल तर केसपेपरवर नुसतं ‘नाही’ नको. किती वर्षं घेत होते आणि कोणत्या महिन्यापासून बंद आहे, तेही लिहून घ्यायला सांगा.