घरांतला पारा

श्रोतेहो, चैत्र-वैशाख आला, कीं नाशिकच्या घरोघर वर्षाचा गहूं भरण्याची लगबग सुरू होते. गहूं उन्हांत वाळतो, निवडला जातो, आणि कोठीचें झांकण लावण्यापूर्वीं पुष्कळ घरीं त्यांत चार-सहा करड्या गोळ्या टाकतात. बाजारांत त्यांस पारद टिकडी म्हणतात. खडूसारख्या भुकटींत पारा घोटून त्या वळलेल्या असतात. त्याची वाफ किडीच्या अंड्यांस मारते, हें खरें. पण ती वाफ किडीपुरतीच थांबते काय, हा आजचा प्रश्न आहे.

पाऱ्याविषयीं आपल्याकडे दोन टोंकांचे समज आहेत. तो पवित्र धातु, असा एक. त्र्यंबकेश्वरीं पाऱ्याचें शिवलिंग विकत मिळतें, आणि रसशास्त्रांत 'रस' म्हणजे पाराच. पोटांत गेला कीं माणूस मेलाच, हा दुसरा. वस्तुतः शुद्ध पारा गिळला गेल्यास बहुतेक सर्व मळावाटें निघून जातो. वाफ मात्र श्वासांतून गेली, तर तिचा सुमारें ८० टक्के भाग रक्तांत शिरतो, व तेथून मेंदूपर्यंत आणि गर्भवतीच्या गर्भापर्यंतहि पोंचतो. पारा उकळतो ३५७ अंश सेल्सिअसला. परंतु वाफ होण्यास उकळावें लागतें असें नाहीं. दोरीवरचें लुगडें वाळावयास पाणी कोठें उकळतें? ह्या वाफेस रंग नाहीं, वास नाहीं. हात कांपूं लागतात, हिरड्या सुजतात, स्वभाव चिडका होतो, आणि घरांत कोणास कारण सुचत नाहीं.

आतां औषधाच्या पेटींतला कांचेचा थर्मामीटर घ्या. त्यांत अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो फुटला, कीं हात प्रथम झाडूकडे जातो, आणि नेमकें तेंच करूं नये. झाडूनें एका थेंबाचे शंभर होतात, आणि जितका पृष्ठभाग अधिक तितकी वाफ अधिक. फरशी पुसून पाणी मोरींत ओतणें त्याहून वाईट. गाळांतले सूक्ष्म जंतु पाऱ्याचें अधिक घातक रूप बनवितात व तें माशांत साठतें. जपानांत मिनामाता येथें कारखान्यानें समुद्रांत सोडलेला पारा असाच माशांवाटें माणसांत गेला. १९५६ सालीं तो रोग प्रथम नोंदला गेला.

मुलांस बाहेर न्यावें, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्या. अंगठ्या, बांगड्या उतरून ठेवाव्या, कारण पारा सोन्याला लागतांच त्यांत मुरतो व सोनें पांढरें पडतें. मग जुन्या लग्नपत्रिकेचे दोन जाड तुकडे घेऊन थेंब एकमेकांकडे ढकलावे. बॅटरीचा उजेड जमिनीलगत आडवा टाकला, कीं लपलेले मणी चमकतात; ते चिकटपट्टीनें उचलावे. सर्व ऐवज कांचेच्या बाटलींत, वर थोडें पाणी घालून, घट्ट बुचानें बंद करावा. नळीच्या दिव्यांत पारा अगदीं अल्प, कांहीं मिलिग्रॅम असतो. तो फुटल्यास पंधरा मिनिटें खोलीबाहेर राहून मग कांचा वेंचाव्या.

बाटलीचें पुढें काय? घंटागाडींत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर ती देऊं नये. ओल्या कचऱ्याचें पाथर्डीला खत होतें, आणि खतांत पारा कोणास हवा? भंगारवाल्यासहि देऊं नये. २००१ सालीं कोडईकनाल येथील थर्मामीटरच्या कारखान्यांतली पारा लागलेली कांच भंगाराच्या दुकानींच सांपडली होती, व पुढें तो कारखाना बंद पडला. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं फुटके थर्मामीटर व नळीचे दिवे यांस 'घरगुती घातक कचरा' ठरवून तो वेगळा गोळा करण्याचें काम नगरसंस्थांवर सोंपविलें. तेव्हां महानगरपालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयांत त्याची चौकशी करावी. नागरिक विचारीत नाहींत तोंवर असे नियम कागदावर स्वस्थ पडून राहतात, असें माझें मत आहे. तोंपर्यंत बाटली चिठ्ठी लावून, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंच जागीं ठेवावी.

त्याच बाटलींत कोठींतल्या टिकड्याहि मोजून घालाव्या. धान्यास कडक ऊन, कडुलिंबाचा वाळलेला पाला, डाळींस एरंडेल, हे उपाय आपल्या आजीबाईंस ठाऊक होतेच. मोजदादींत एखादी टिकडी कमी भरली, किंवा फुटून तिची भुकटी गव्हांत मिसळलेली दिसली, तर तो गहूं मात्र गिरणीवर पाठवूं नये.