आईचं सांगणं, आईची सही



लहान मूल रडणारच, त्यात काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण एका दुखण्याविषयी आज मुद्दाम बोलते. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो आणि अडकतो. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात. तीन महिने ते तीन वर्षं या वयात, त्यातही पहिल्या वर्षात, ते जास्त दिसतं. धडधाकट, बाळसेदार मुलालाही होतं. ते दृष्ट लागून होत नाही, आईचं दूध बाधूनही होत नाही.

बाळ एकदम किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरंफटक पडतं. मग शांत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. उलट्या होतात, पुढे त्या हिरव्या होतात. मूल मलूल पडतं. रक्ताची, जेलीसारखी शी ही खूण उशिरा येते, काही मुलांत येतच नाही. तिची वाट पाहू नका.

दवाखान्यात नेमकं बाळ शांत असतं आणि ‘गॅस आहे’ म्हणून परत पाठवतात. म्हणून कळा किती वेळाने येतात ते घड्याळ बघून सांगा. ‘सोनोग्राफी करायची का?’ असं सरळ विचारा. निदान बहुधा तिथेच होतं. वेळेत गेलं तर बहुतेक मुलांना ऑपरेशन लागत नाही; शौचाच्या जागेतून हवा किंवा सलाईन सोडून आतडं मागे सरकवतात. उशीर झाला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, ते सडतं, फाटतं. मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही आणि जिवालाही धोका. पोट चोळण्यात, एरंडेल देण्यात हेच मोलाचे तास जातात.

आता आपला प्रश्न. रात्री बाळाला न्यायचं की नाही, हे घरात कोण ठरवतं? ‘सकाळी बघू’ हे उत्तर कामात मी नेहमी ऐकते. रुग्णालयात पोचलं तरी ‘वडिलांना बोलवा, सही पाहिजे’. हिंदू पालकत्व कायद्यात ‘वडिलांनंतर आई’ असं लिहिलं आहे. पण १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नव्हे. ते हजर नसतील तेव्हाही आई पालक असते. तेव्हा ठामपणे सांगा, सही मी करते.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत या खुणा एकमेकींना सांगा, सासवांनाही सांगा. आणि १०८ ला फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही.