माझी गोष्ट कधी पुरी व्हायची?

 

गटातल्या बायकांच्या मुलींसाठी आम्ही वाचनाचा तास सुरू केला. पहिली गोष्ट घेतली योहाना स्पायरी यांच्या 'हायडी'ची. हायडीची मैत्रीण क्लारा चाकाच्या खुर्चीत असते. डोंगरावरची हवा नि शेळीचं दूध मिळतं आणि शेवटी ती चालू लागते. आम्ही टाळ्या वाजवल्या. एक सतरा वर्षांची पोरगी तेवढी गप्प होती. तिचे पाय जन्मापासून अधू. ती म्हणाली, "ताई, मी काही चालणार नाही. मग माझी गोष्ट कधी पुरी व्हायची?"

आम्हाला उत्तर सुचेना. १९११ सालच्या 'द सीक्रेट गार्डन'मधला कॉलिनसुद्धा शेवटी चालतोच. म्हणजे बरं झालं तरच आनंद! आपल्या बोलण्यात तरी वेगळं काय आहे? 'वासरात लंगडी गाय शहाणी' असं आपण सहज बोलून जातो. शेजारी बसलेल्या पोरीच्या मनाला ते लागतं, हे ध्यानातच येत नाही.

पुढच्या तासाला आम्ही दोन पुस्तकांविषयी बोललो. आर. जे. पलासिओ यांच्या 'वंडर' या २०१२ च्या कादंबरीतल्या ऑगीचा चेहरा जन्मतःच वेगळा आहे. शेवटपर्यंत तो तसाच राहतो. बदलतात ती सोबतची मुलं. दुसरं पुस्तक खऱ्या आयुष्याचं, नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची'. ऐन उमेदीच्या वयात त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. पुढं त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्या खुर्चीत बसूनच जगल्या, लढल्या.

पोरगी ऐकत होती. मग म्हणाली, "मला संस्था नाही काढायची. मला फक्त रोज कुणी उचलून आणायला नको."

तेव्हा आमचे डोळे उघडले. तास भरायचा समाजमंदिरात, सात पायऱ्या चढून. आई तिला कडेवर घेऊन यायची आणि आम्ही त्या माउलीचं कौतुक करायचो! पायऱ्या कुणालाच दिसल्या नव्हत्या.

आता तास खालच्या पडवीत भरतो. ती आपली खुर्ची आपण चालवत येते, कधी उशिरा येते, कधी दांडीही मारते. इतर पोरींसारखीच.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची बैठक कुठे भरते? तिथे किती पायऱ्या आहेत? आजच मोजा.