पाच लाखांचं कार्ड, तीन रुपयांची वीज आणि आपलं गायरान

(डिसेंबर 2024 मधल्या कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. टिपणावरून उतरवून काढलं आहे. बोलण्याची भाषा जमेल तिथे तशीच ठेवली आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)

साथींनो, बायांनो, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या-जाणत्या माणसांनो,

20 नोव्हेंबरला मतदान झालं. प्रचाराच्या गाड्या गेल्या, भोंगे बंद झाले. आता जरा शांतपणे बोलता येईल. या निवडणुकीत आपल्या दारात दोन मोठी आश्वासनं आली. महाविकास आघाडीवाले म्हणाले, आम्ही 25 लाखांचा आरोग्य विमा देऊ, औषधं फुकट देऊ. महायुतीवाले म्हणाले, आम्ही वीजबिल 30 टक्क्यांनी कमी करू आणि सौर ऊर्जेवर भर देऊ. एकाने दवाखान्याचं सांगितलं, दुसऱ्याने विजेचं. आपल्याला तर दोन्ही पाहिजे. पाड्यावर बाई अडली तर डॉक्टर पाहिजे, आणि डॉक्टर असेल तिथे दिवाही पाहिजे.

मग आज कोणाला शिव्या देण्यासाठी मी उभा नाही. एवढंच बोलायचं आहे, की या दोन्ही गोष्टींचा खर्च सरकार मोजतं कसा. त्या हिशेबात काय लिहिलं जातं, आणि काय लिहायचं राहून जातं. कारण जे राहून जातं ना, ते बहुतेक वेळा आपलं असतं.

आधी कार्डाचं बघू.

2012 साली आपल्या राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात जे जिल्हे घेतले त्यात गडचिरोली होता, आपला धुळेही होता. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार. सरकार विमा कंपनीला एका कुटुंबामागे 333 रुपये भरायचं. 2017 साली योजनेला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. 2018 साली दिल्लीची आयुष्मान भारत आली, ती 5 लाखांची. पुढे दोन्ही एकत्र केल्या, आणि 2023 साली ठरलं की राज्यातल्या सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना 5 लाखांपर्यंत. दीडाचे पाच झाले, आता निवडणुकीत पाचाचे पंचवीस झाले.

या योजनेने माणसं वाचलेली आहेत. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, किडनी. ज्याच्या घरात हे झालं त्याला विचारा. त्याची बैलजोडी विकायची वाचली. हे नाकारायचं नाही. जो कार्ड काढायला सांगतो त्याचं ऐका, कार्ड काढा. कॅम्प लागला की म्हाताऱ्यांना घेऊन जा, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून परत पाठवलं तर भांडा.

पण कार्ड नेमका कशाचा खर्च देतं? यादीत असलेल्या उपचारांचा. राज्याच्या योजनेत ती यादी 1356 उपचारांची झाली. माणूस दवाखान्यात दाखल झाला पाहिजे, दवाखाना योजनेत असला पाहिजे, आजार यादीत असला पाहिजे. मग कंपनीकडे कागद जातात आणि दवाखान्याला पैसे मिळतात.

आता आपल्या घरचे आजार मोजा. ताप, हगवण, खोकला, खरूज, पोरांचं कुपोषण, बायांच्या अंगात रक्त नसणं. सिकलसेलवाल्या पोराला महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणि अधूनमधून रक्ताची तपासणी. यातलं किती दाखल होऊन होतं? गरिबाच्या खिशातून पैसा जातो तो असा थोडा थोडा: गोळ्यांना, सुईला, जीपच्या भाड्याला, दोन दिवस बुडालेल्या मजुरीला. देशाचा स्वतःचा सरकारी हिशेब सांगतो, की 2021-22 साली आरोग्यावर झालेल्या एकूण खर्चातला 39 टक्क्यांहून जास्त लोकांनी आपल्या खिशातून भरला. आयुष्मान येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

दुसरी गोष्ट. कार्ड चालतं दवाखान्यात. दवाखाना कुठे आहे? नियम काय सांगतो ते पाठ करून ठेवा. आदिवासी आणि डोंगरी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीवर हेच आकडे 5,000 आणि 30,000 आहेत. म्हणजे आपल्याला जास्त पाहिजे हे सरकारनेच कागदावर मान्य केलंय. इमारत बांधली जाते, पाटी लागते. मग डॉक्टरची जागा रिकामी राहते, नर्सबाईंकडे दोन-दोन उपकेंद्रांचा भार येतो. अक्कलकुवा, अक्राणीच्या डोंगरात पाच लाखांचं कार्ड खिशात घेऊन माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो. झोळी वाहणाऱ्या चौघांची मजुरी त्या 1356 मध्ये नाही.

सरकारी दवाखान्यात तर उपचार फुकटच आहेत. राज्याच्या आरोग्य खात्याने ऑगस्ट 2023 पासून तसा नियमच केला आहे. मग कार्डाचा मोठा पैसा जातो कुठे? ज्या शहरात खासगी दवाखाने आहेत, तिकडे. जिथे डॉक्टर बसतो तिथे विम्याचा पैसा पोचतो. जिथे डॉक्टरच नाही तिथे विमा खर्चच होत नाही. आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, या तालुक्याने एवढासा पैसा वापरला, म्हणजे इथे आजारपण कमी असेल.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, 2025 पर्यंत सरकार देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के पैसा आरोग्यावर खर्च करेल. 2021-22 सालापर्यंत केंद्र आणि राज्यं मिळून आकडा पोचला होता 1.84 टक्क्यांवर. विम्याचा आकडा दीडावरून पाचावर जातो, पाचावरून पंचवीसवर जातो. कारण तो आकडा बॅनरवर छापता येतो. नर्सची भरती बॅनरवर छापता येत नाही.

आता विजेकडे येऊ.

सौर वीज महाग असते, परवडत नाही, असं आधी सगळे म्हणायचे. 2010 साली सरकारने पहिल्यांदा देशभर बोली लावली तेव्हा सगळ्यात कमी दर आला होता युनिटला 10 रुपये 95 पैसे. 2017 साली राजस्थानातल्या भडल्याच्या बोलीत तो आला 2 रुपये 44 पैशांवर. 2020 च्या शेवटी गुजरातमध्ये 1 रुपया 99 पैसे. एवढी स्वस्ताई कशी झाली? काचेच्या पाट्या स्वस्त झाल्या, हे खरं. कर्ज स्वस्त मिळालं, हेही खरं. आणि तिसरं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. मोठ्या सौर पार्कात जमीन सरकारने एकगठ्ठा करून दिली. ओसाड म्हणून दिली. भडल्याच्या वाळूतही शेळ्या-मेंढ्या चरत होत्या, पण चराईचं बिल कोणी फाडत नाही, म्हणून तिची किंमत शून्य.

आपल्याकडे पवनचक्क्यांच्या वेळी काय झालं ते आठवा. साक्रीच्या पठारावर पंखे उभे राहिले. ज्या वनजमिनीवरच्या दाव्यांसाठी आपण चपला झिजवत होतो, त्याच वनजमिनी कंपनीला मिळाल्या. तिकडे पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या शेजारी पवनचक्क्यांसाठी सुमारे 194 हेक्टर जंगल गेलं. महादेव कोळी लोकांचा तो मुलूख. 2011 साली माधव गाडगीळांच्या समितीने लिहून ठेवलंय, की रस्ते वाट्टेल तसे खोदल्यामुळे डोंगर खचले, राडारोडा शेतात आणि धरणात गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर जाणाऱ्या माणसांनाच अडवलं गेलं. हे मी नाही म्हणत, सरकारनेच नेमलेली समिती म्हणते.

पवनचक्की कोण लावत होतं? ज्याला वारा समजतो तोच, असं नाही. ज्याला कर वाचवायचा आहे तोही. यंत्राच्या किमतीचा 80 टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवायची सवलत होती. 2012 साली ती काढली, 2014 साली परत दिली. म्हणजे श्रीमंताला सूट सरकारी तिजोरीतून. आणि वनजमीन गेली त्याची भरपाई? 2008 साली सुप्रीम कोर्टाने हेक्टरी 4 लाख 38 हजार ते 10 लाख 43 हजार असा जंगलाचा मोल ठरवला होता. तो पैसा ग्रामसभेकडे येत नाही. तो वनीकरणाच्या निधीत जातो, आणि त्याच पैशातून उद्या तुमच्या कसत्या जमिनीवर रोपं लावायला माणसं येतात.

आता हे सौर कृषी वाहिनी योजनेचं काय? 2023 साली तिचा दुसरा टप्पा आला. शेतीपंपाला दिवसा वीज द्यायची, त्यासाठी सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभे करायचे. वीज पडते युनिटला 3 रुपयांच्या आसपास. चांगली गोष्ट आहे. रात्री दोन वाजता पाणी भरायला जाऊन ज्याच्या पायाखाली साप आला, त्याला दिवसाच्या विजेची किंमत माहीत आहे. आपल्या ज्या भावांच्या विहिरी आहेत त्यांना ही वीज मिळालीच पाहिजे.

पण जमीन बघा. खासगी शेतकऱ्याने जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, आणि दरवर्षी त्यात 3 टक्के वाढ. सरकारी जमीन घेतली तर भाडं नाममात्र. नाममात्र म्हणजे नावापुरतं. आणि सरकारी जमीन म्हणजे कोणती? आपलं गायरान. ज्याच्यावर गावाची गुरं चरतात, ज्याच्यावर भूमिहीन माणसं दोन-दोन पिढ्या बाजरी-भगर पेरतात. तोच माळ, तेच ऊन. मालकी सातबाऱ्यावर असली तर सव्वा लाख. सातबाऱ्यावर सरकारचं नाव असलं आणि नांगर आपला असला, तर काहीच नाही.

त्या सव्वा लाखाच्या जागी शून्य टाकलं की वीज स्वस्त होणारच. ती स्वस्ताई आपल्या पैशाने झालेली आहे, एवढं तरी लिहून ठेवा.

म्हणून मी म्हणतो, ही दोन भांडणं वेगळी नाहीत. विम्याच्या हिशेबात झोळी वाहणाऱ्याची मजुरी नाही. विजेच्या हिशेबात चराईची जमीन नाही. विधानसभेत एक जण म्हणतो खर्च परवडत नाही, दुसरा म्हणतो परवडतो. दोघांच्या वहीत आपलं पान कोरं आहे.

मग करायचं काय? सौर नको, पवन नको, कार्ड नको, असं म्हणून चालायचं नाही. कोळशाच्या खाणीने चंद्रपूर, कोरबाच्या आदिवासींचं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. उन्हाची वीज कोळशापेक्षा चांगलीच. प्रश्न आहे तो कोणाच्या जमिनीवर, कोणाला विचारून, कोणासाठी.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. वनहक्क कायदा 2006 चा. आपण सगळे दाव्यांचं कलम वाचतो. कलम 3 चं पोटकलम 2 फार कोणी वाचत नाही. त्यात 13 सोयींची यादी आहे, ज्यासाठी वनजमीन गावाला वापरता येते. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, तळं, रस्ता. आणि त्याच यादीत दवाखाना आहे, आणि त्याच यादीत अपारंपरिक ऊर्जाही आहे. अटी तीन: प्रत्येक सोयीला जागा एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे.

म्हणजे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की आदिवासी गावाला दवाखाना आणि वीज दोन्ही लागतात, आणि ते गावाने मागायचं असतं. एक मेगावॅट सौर प्रकल्पाला चार-पाच एकर लागतात. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. एवढ्या जागेत पाड्याचे दिवे, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप चालून उपकेंद्राला वीज उरेल. लसी ठेवायचा फ्रीज बंद पडणार नाही. बाळंतपण टॉर्चच्या उजेडात होणार नाही. एवढं करायला शेकडो एकर गायरान लागत नाही.

26 जानेवारीला ग्रामसभा आहे. काही गावांत सौर प्रकल्पासाठी गायरान देण्याचा ठराव समोर येणार आहे. ग्रामपंचायतीला पैसे मिळतील असं सांगितलं जाईल. आधी सह्या, मग चर्चा, असं होऊ देऊ नका. बायांनी पुढे बसायचं. हे चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायची:

1. या गटावर कोण कसतं, कोणाची गुरं चरतात, त्यांची यादी कुठे आहे? 14 एप्रिल 1990 आधीच्या आदिवासी-दलितांच्या गायरान कसणुकीबद्दल 1991 चा शासन निर्णय आहे. त्याप्रमाणे कोणाचं नाव लावायचं राहिलंय?

2. खासगी जमिनीला सव्वा लाख भाडं, मग गायरानाला किती? ते कोणाच्या खात्यात जाणार?

3. जमिनीचा काही भाग वनात मोडतो का? मोडत असेल तर दावे निकाली निघाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय हात लावता येत नाही.

4. या प्रकल्पाची वीज आपल्या पाड्याला, आपल्या उपकेंद्राला मिळणार का? कधीपासून?

आणि त्याच ग्रामसभेत आपले दोन ठराव आपण मांडायचे. एक: उपकेंद्रात नर्स आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर या जागा भराव्यात, महिन्याच्या औषधांचा साठा भिंतीवर लिहावा. दोन: कलम 3(2) खाली उपकेंद्र आणि गावाचा छोटा सौर प्रकल्प. जागा आम्ही दाखवतो.

ठराव गावाच्या भाषेत लिहा. ग्रामसेवक म्हणेल असं चालत नाही. चालतं. नक्कल घ्या, तारीख टाकून शिक्का घ्या. नक्कल मिळाली नाही तर तहसीलवर सगळे मिळून जाऊ.

मतदान पाच वर्षांनी एकदा येतं. ग्रामसभा वर्षातून चार वेळा तर ठरलेलीच आहे. जे भोंग्यावर बोलले त्यांना त्यांचा आकडा लिहू द्या. आपलं कोरं पान आपण भरायचं आहे.

जिंदाबाद!